मार खाण्याची नेमणूक

बंपर हा मोटारीचा असा एकच अवयव, की ज्याची नेमणूकच मार खाण्यासाठी झालेली आहे. इंजिनाने ओढावं, चाकांनी फिरावं, हॉर्नने बोंबलावं आणि बंपरने पुढे होऊन थप्पड खावी, अशी ही जुनी वाटणी. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीच्या बंपरने ही नोकरी फार इमानाने केली. त्याच्यावर कुठल्या बसने, कुठल्या हातगाडीने आणि कुठल्या फुटपाथने सही केली आहे हे वाचण्यात मागच्या गाडीवाल्याचा सिग्नल सुटेपर्यंतचा वेळ बरा जायचा. नवा पोचा आला तरी टॅक्सीवाला खाली उतरायचा नाही. उतरून बघायचं काय? बंपर होता, लागलं.

याच अवयवाला फुंकर मारून, मऊ फडक्याने पुसून, रात्री पांघरूण घालून जपणारी माणसं जगात आहेत आणि त्यांतले एक नेमके आमचे साडू आहेत.

साडू मूळचे साताऱ्याचे, उभी नोकरी बर्मिंगहॅमच्या आसपास. निवृत्तीनंतर मराठी माणूस एक तर अध्यात्माकडे वळतो, नाहीतर सोसायटीच्या कमिटीकडे. तिकडे आपल्यासारखी सोसायटी नाही आणि अध्यात्माचं खातं मेहुणीकडे आहे. उरली मोटार. त्यांनी एमजीबी घेतली. आपल्याकडे हल्ली एमजी म्हटलं की गुजरातेत हलोलला बनणारी, दुमजली घरासारखी हेक्टर डोळ्यांसमोर येते. तिचं आणि हिचं नातं आडनावापुरतं. एमजीबी म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार झालेली, बुटकी, उघड्या टपाची, दोनच माणसांची मोटार. पाच लाखांवर विकली गेली आणि त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेला गेल्या. ही अमेरिका लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

सुरुवातीच्या एमजीबीला पुढेमागे पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेले सडपातळ बंपर होते. मग अमेरिकन सरकारने नियम काढला, की ताशी पाच मैलांच्या वेगाने गाडी भिंतीवर आदळली तरी दिवे वगैरे महत्त्वाचे अवयव शाबूत राहिले पाहिजेत. शिवाय बंपर जमिनीपासून अमुक उंचीवर हवा. ॲबिंग्डनच्या लोकांनी आधी तात्पुरता उपाय म्हणून 1974च्या सुरुवातीच्या अमेरिकी गाड्यांच्या बंपरवर रबराचे दोन भलेथोरले गोळे बसवले. ब्रिटिशांनी त्या गोळ्यांना सॅब्रिना हे त्या काळच्या एका भरदार अभिनेत्रीचं नाव ठेवलं. ही ऐतिहासिक माहिती साडूंनी मला मेहुणी चहा टाकायला आत गेल्यावर दिली.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात कायमचा उपाय आला. पुढे आणि मागे काळाकभिन्न, रबरासारखा दिसणारा जाडजूड बंपर बसला आणि उंचीचा नियम पाळण्यासाठी अख्खी गाडी दीड इंच उचलली गेली. अमेरिकेसाठी एक आणि घरच्यांसाठी एक अशा दोन गाड्या काढायला कंपनीच्या खिशात पैसे नव्हते, त्यामुळे जिथे असला नियमच नव्हता त्या इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांनाही तोच काळा ओठ मिळाला. गाडी वळणावर झुकायला लागली, लांबी सुमारे पाच इंचांनी वाढली आणि शौकिनांनी नाक मुरडलं ते आजतागायत मुरडलेलंच आहे. यातला खरा विनोद पुढेच आहे. अमेरिकेने 1982 साली तो पाच मैलांचा नियम ढिला करून अडीचवर आणला. एमजीबी बंद पडून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आपल्याकडे रस्तारुंदीकरणात ओटा पाडून झाला की मग आराखडा बदलतो, त्यातलाच प्रकार.

साडूंची गाडी 1976ची, म्हणजे काळ्या ओठाची. म्हणून तर स्वस्त मिळाली. पहिले काही महिने ते आनंदात होते. मग ते एमजीवाल्यांच्या मेळाव्यांना जायला लागले आणि तिथे दोन पंगती असतात हे त्यांच्या ध्यानात आलं. क्रोमवाले एका बाजूला, रबरवाले दुसऱ्या बाजूला. कोणी काही बोलत नाही. इंग्रज तसा बोलून दुखावत नाही, तो हवामानाकडे वळतो. पण साडूंच्या गाडीपाशी आला की प्रत्येक जण हवामानाकडे वळायचा. एवढ्या पावसाच्या गप्पा साताऱ्याच्या माणसालाही सोसेनात आणि त्यांनी काळा बंपर उतरवून पोलादी क्रोमचा बसवायचा ठरवला.

बाहेरच्याला वाटतं, चार बोल्ट सोडायचे आणि चार आवळायचे. तसं नसतं. काळ्या बंपरच्या गाडीचे पुढचे इंडिकेटर बंपरातच असतात. बंपर गेला की तेही गेले, मग त्यांच्यासाठी मडगार्डचा पत्रा कापा. काळ्या बंपरने झाकलेले पत्र्याचे कोपरे उघडे पडतात, ते भरून काढा. जाळी वेगळी, ब्रॅकेट वेगळे, गाडी पुन्हा दीड इंच खाली आणायची. एक बंपर बदलण्यासाठी साडूंनी गाडीचा पुढचा भाग असा काही उघडला होता, की मेहुणी शेजारणीला सांगायची, "ह्यांचं बायपास चाललंय."

पोलादी बंपर त्यांनी ब्यूलीच्या ऑटोजंबलमध्ये शोधला. इंग्लंडच्या दक्षिणेला ब्यूली गावी दर सप्टेंबरात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा हा बाजार भरतो. आपल्या चोरबाजारात जे मिळतं तेच मिळतं, फक्त विकणारा ट्वीडचा कोट घालून विकतो. तिथे साडूंना गंजलेला, एका टोकाला वाकलेला, पण "मूळ" बंपर मिळाला. बाजारात नवे नकली बंपर मिळतात. जुना पुन्हा क्रोम करून घेण्यापेक्षा ते स्वस्तही पडतात. मी हे बोलून दाखवलं तेव्हा साडूंनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, की मी पावसाचा विषय काढला. नकली बंपरचा पत्रा पातळ, गोलाई चुकीची, वगैरे वगैरे. ॲबिंग्डनच्या लोखंडाची सर त्याला नाही. आता ॲबिंग्डनला कारखाना होता, लोखंडाची खाण नव्हती, हे मी मनातच ठेवलं.

बरं, एवढा शोधून आणलेला मूळ बंपर तरी मूळ राहू द्यावा? नाही. साडूंना तो "थोडासा सुधारून" हवा होता. मूळ बंपरवर दोन उभे सुळे असतात, त्यांना ओव्हररायडर म्हणतात. दुसऱ्याचा बंपर आपल्या बंपरवर चढू नये म्हणून ते असतात. साडूंच्या मते त्यांनी चेहरा बिघडतो. तेव्हा सुळे काढायचे, त्यांची भोकं वेल्डिंगने बुजवायची आणि बंपर अंगाशी जरा चिकटवून बसवायचा. हे कळताच मेळाव्यातल्या क्रोमच्या पंगतीतही दोन तट पडले. कारखान्याने दिलं त्यात बोल्टही बदलू नये म्हणणारे सनातनी आणि कारखान्याला जे सुचलं नाही ते आपण करावं म्हणणारे सुधारक. टिळक-आगरकरांचं एवढं बिनसलं, पण त्यांच्यात बंपर नव्हता म्हणून निदान सामाजिक आधी की राजकीय आधी एवढ्यावर भागलं.

भोक बुजवणं म्हणजे काय हे मी जवळून बघितलं आणि तेव्हापासून दंतवैद्यांविषयीचा माझा आदर वाढला. आधी भोकाभोवतीचा जुना मुलामा घासून काढायचा, कारण क्रोम-निकलवर वेल्डिंग केलं तर धूर विषारी आणि जोड कच्चा. मग मागून तांब्याची पट्टी टेकवायची. वितळलेलं पोलाद तांब्याला धरत नाही, त्यामुळे पट्टी आधार देते आणि मग सुटून येते. मग थोडं वेल्ड, थांबा, गार होऊ द्या, पुन्हा थोडं. घाई केली की पत्रा तापून लाटेसारखा उठतो. शेवटी कानशीने घासून सपाट. त्यात सुईच्या टोकाएवढंही छिद्र राहता कामा नये. राहिलं तर मुलाम्याच्या टाकीतलं ॲसिड त्यात दडून बसतं आणि वर्ष-सहा महिन्यांनी आतून तांबूस थेंब बाहेर पडतो.

आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला यातलं काही पटणार नाही. त्याच्याकडे लांबी आहे. भोक असो, पोचा असो, लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, वर रंग. मोटारीचीच काय, निम्म्या देशाची डागडुजी लांबीवर उभी आहे. क्रोमपुढे मात्र लांबी हरते. मुलामा विजेने चढतो आणि लांबीतून वीज जात नाही. शिवाय आधीच्या ॲसिडच्या आंघोळीत ती टिकतही नाही. जिथे रंग पोटात घालतो तिथे क्रोम चारचौघांत सांगतो. रंगाच्या आठ थरांखाली लपलेली कामचुकारी क्रोमखाली दुप्पट मोठी दिसते.

मुलामा देणाऱ्याकडे मी साडूंबरोबर गेलो होतो. बर्मिंगहॅम हे मुलाम्याचं माहेरघर. 1840 साली एल्किंग्टन नावाच्या इथल्याच कारखानदाराने विजेने सोन्याचांदीचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. त्यामागची युक्ती जॉन राइट या शल्यवैद्याची होती: सोनं किंवा चांदी सायनाइडच्या द्रावात विरघळवायची. डॉक्टरांनी सायनाइड वापरून कोणाची तरी कांती उजळवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. त्या परंपरेतला हा म्हातारा एका जुन्या विटांच्या शेडमध्ये बसला होता. त्याने बंपर हातात घेतला, खिडकीकडे तिरका धरला आणि काहीही न बोलता अंगठ्याचं नख कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. जिथे नख अडलं तिथे खडूने गोल काढला. आम्हाला जिथे काही दिसत नव्हतं तिथे तो गोल काढत गेला. शेवटी बंपरला देवी आल्यासारखं दिसायला लागलं. साडू माझ्या कानात म्हणाले, "माणूस जाणकार आहे." मला तर तो पैसे मोजतोय असं वाटत होतं. पुढे बिल आलं तेव्हा दोघांचंही बरोबर होतं हे कळलं.

मग त्याने सांगितलं ते ऐकून माझा क्रोमविषयीचा सगळा भ्रम गेला. चकाकणाऱ्या बंपरात क्रोम जवळजवळ नसतोच. सजावटीच्या क्रोमचा थर मायक्रॉनच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. माणसाचा केस त्याच्या दोनशेपट जाड. आपण ज्याला क्रोमची झळाळी म्हणतो ती खालच्या निकलची, आणि निकलला तो गुळगुळीतपणा दिला खालच्या तांब्याने. 1920च्या दशकात क्रोमचा मुलामा बाजारात आला, त्याआधी मोटारींवर बहुधा नुसतं निकलच असे. ते पिवळसर पडायचं आणि गडी ठेवून रोज घासावं लागायचं. क्रोमचं काम एवढंच, की वर पातळ, कडक कवच धरून निकलला काळवंडू द्यायचं नाही. श्रेय मात्र सगळं त्याला. अशी माणसं आपण सगळ्याच कचेऱ्यांत पाहिली आहेत.

आता कामाचा क्रम. उलटा वीजप्रवाह सोडून जुना क्रोम उतरवायचा, मग निकल. उघडं पोलाद दिसतं आणि मालकाचा चेहरा उतरतो, कारण गंजाने कुठे कुठे कुरतडलंय ते आत्ताच कळतं. घासायचं. त्यावर तांबं चढवायचं, चांगलं जाड. पुन्हा घासायचं, म्हणजे उंचवट्यावरचं तांबं जातं आणि खड्ड्यातलं राहतं. पुन्हा तांबं. पुन्हा घासणं. खड्डे भरेपर्यंत हा संसार चालू. मग बफवर धरून पॉलिश. मग निकलची टाकी, तिथे तीसेक मायक्रॉनचा थर यायला बराच वेळ बुडवून ठेवायचं. आणि शेवटी क्रोमची टाकी: काही मिनिटं. अगदी मराठी लग्न. सहा महिने हॉल, केटरर, रुखवत, मानपान, रुसवेफुगवे आणि मंगलाष्टकं संपायच्या आत अक्षता टाकून लोक पंगतीकडे.

एक अट म्हाताऱ्याने तीनतीनदा बजावली. वाकवायचं, ठोकायचं, भोक पाडायचं ते सगळं आधी. चकचकीत निकल ठिसूळ असतं. मुलाम्यानंतर बंपर जरा जरी वाकवला तर ते तडकतं आणि मग पहिल्या टाकीपासून सुरुवात. त्यामुळे उघडा, गंजका बंपर गाडीवर चढवून बघण्याचा कार्यक्रम साडूंकडे काही आठवडे चालला. तो अंगाशी चिकटवायचा होता ना? मग ब्रॅकेट कापा. कापल्यावर डावं टोक मडगार्डला टेकलं. वॉशर घाला. आता उजवं वर आलं. मेहुणीला समोरच्या फुटपाथवर उभं करून विचारत, "सरळ आहे का गं?" ती म्हणायची, "बंपर सरळ आहे, गाडी तिरकी आहे." साडूंनी गाडी मोजली. मेहुणीचं बरोबर निघालं. हातांनी जोडलेल्या त्या गाड्यांची डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळेलच असं नाही. तेव्हापासून त्यांनी पाहणीसाठी मला बोलवायला सुरुवात केली.

रंगाचा प्रश्न उरला. म्हणजे क्रोमचा रंग. जुन्या पद्धतीचं द्रावण षट्‌संयुजी क्रोमियमचं, आणि ते कर्करोगाला कारण होतं. युरोपात सप्टेंबर 2017 पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. त्रिसंयुजी क्रोमियम त्याहून पुष्कळ निरुपद्रवी. कामगारांच्या फुप्फुसांचा विचार केला तर यात चर्चेला जागाच नाही. पण जुन्या क्रोमला अंधुक निळसर झाक असते आणि नव्याला किंचित सावळी, असं शौकिनांचं म्हणणं. साडूंनी दोन नमुने माझ्यापुढे धरले. "दिसतोय फरक?" मला दोन्हींत एकच टक्कल दिसलं, माझं. ज्या गृहस्थांना स्वतःच्या दिवाणखान्याची भिंत मोतिया आहे की पिस्ता हे तीस वर्षांत सांगता आलेलं नाही, त्यांना दोन आरशांतला फरक दिसावा, हे प्रेमाशिवाय शक्य नाही.

बंपर घरी आला तो मऊ कागदात आणि फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळून. साडूंनी पांढरे सुती हातमोजे घातले. उघडला. ट्यूबलाइटखाली धरला. चांगल्या कामाची ही परीक्षा: प्रतिबिंबातली ट्यूब सरळ दिसली पाहिजे, भोक बुजवलं तिथे वाकडी झाली की वेल्डिंगवाला पकडला गेला. ट्यूब सरळ होती. साडूंनी मागची बाजू दाखवली, तिथे मुलामा नावालाच होता. क्रोम खोबणीत, आडोशाला जात नाही, विजेला ज्या जागा समोर दिसतात तिथेच चढतो. म्हणून मागे रुपेरी रंग आणि वर मेण. मेहुणी तेवढ्यात आली, वाकली, बंपरात बघून टिकली सारखी केली आणि दचकली. बंपर बाकदार, त्यात नाक जेवढं पुढे येतं तेवढं कुठल्याच आरशात येत नाही. "यासाठी एवढे पैसे दिलेत?" ती म्हणाली. कुठे बोट टेकवू नकोस, असं साडूंनी तिला सांगितलं आणि त्या संध्याकाळी पिठलं होतं.

बसवल्यावर गाडी खरोखरच देखणी दिसायला लागली, हे कबूल केलं पाहिजे. ओठ जाऊन तिला हनुवटी आली. मेळाव्यात क्रोमच्या पंगतीत जागा मिळाली. एका सनातन्याने सुळे कुठे आहेत म्हणून विचारलं, पण बाकीच्यांनी त्याला पावसाकडे वळवलं.

मात्र गाडीचा वापर बदलला. सुपरमार्केटच्या आवारात साडू आता सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, दोन जागा अडवून उभी करतात. आम्ही पिशव्या घेऊन चालतो. पुढे कोणी ब्रेक दाबला की ते त्याच्या चार गाड्या मागे थांबतात. ट्रॉली ढकलणारी पोरं दिसली तर हॉर्न. गॅरेजमध्ये गाडी आत घेताना भिंतीला लागेल ही धास्ती, म्हणून बंपरच्या उंचीवर त्यांनी भिंतीत एक जाड काळं रबर ठोकून घेतलं आहे. ते रबर कुठलं, हे मी विचारलं नाही. जुना बंपर माळ्यावरून नाहीसा झाला होता एवढं दिसत होतं. अमेरिकन सरकारने ज्या कामासाठी तो बनवायला लावला, ते काम त्याला अखेर साताऱ्याच्या माणसाने दिलं.

विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा मी तिथेच होतो. तिकडे गाडीत काही बदल केला तर विमा कंपनीला कळवावं लागतं. साडूंनी फोन स्पीकरवर टाकला आणि पलीकडच्या मुलीला सुळ्यांपासून निकलपर्यंत सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या फॉर्मवरचा ठरलेला प्रश्न विचारला, "या बदलामुळे गाडीचा वेग वाढला आहे का?"

"कमी झालाय," साडू म्हणाले.

"साधारण किती?"

"पुढे कोण उभं आहे त्यावर."

पलीकडे थोडा वेळ टायपिंगचा आवाज आला. हप्ता होता तेवढाच राहिला.